हाडकीवर मोटर वळते

उमरखेडी, तहसील सौंसर
१५ एप्रिल १९८४

सुखदेव, जयभीम.

काल जयंती झाली नं आज सडकेचे लोकं आले. आपल्या गावात दोन दिवसांत दोन मोठ्या गोष्टी कधी होत नाहीत, म्हणून लिवून राहिली. नाहीतर सात वर्षांत तू माह्या एका पत्राले जवाब देल्ला नाही, मी मोठी बहीण असून काहून लिवावं? पण माही जीभ तुले माहीत आहे. गप बसली का पोट दुखते. तुह्या बायकोनं, सरलानं, मागं कारडात लिवलं होतं का तू माहं पत्र उभ्याउभ्या वाचतं नं पेटीत टाकून देतं. वाच बापा, उभ्यानं वाच. नवऱ्याची इतकी खबर देणारी बायको भेटली, नशीब काढलं तू.

सडकेचे पाच जण होते. लोखंडी साखळी, लाल-पांढरे बांबू, चुन्याचं पोतं. मोठ्या सडकेपासून आपल्या गावापर्यंत सात किलोमीटर चुन्याची रेघ मारत आले. मी टोळी घेऊन सडकेवर संत्र्याच्या टोपल्या टाकून वापस येत होती. आम्ही बाराजणी त्या रेघेच्या बाजूबाजूनं चाललो. कोणी एकीनं रेघेवर पाय ठेवला नाही, मोडन म्हणून. कमल तं मधातच थांबली नं म्हणे, "बाई, इथून खरंच मोटर जाईन?" म्या म्हटलं, चुना काही फुकट येत नाही, जाईन.

त्यांच्यातला मोठा साहेब मले म्हणे, "बाई, दोन वर्षांनी तुमच्या डोक्यावर काहीच राहणार नाही." म्या म्हटलं, "केस तेवढे राहू देजा साहेब." हासला. पण घरी येऊन म्या टोपली उतरवली नं चुंबळ हातात धरून बसूनच राहिली. मायची चुंबळ आहे ते. माय याच रस्त्यानं पाटलाच्या बगीच्याचा माल वाहे, आता मी वाहते. सात किलोमीटर टोपली हालते नं तळचं फळ दबते. म्हणून पांढुर्ण्याचे व्यापारी उमरखेडीचं नाव आयकलं का न पाहताच भाव पाडतात. सडकेवरच्या गावाचं आंबट संत्रबी आपल्या गोड संत्र्याहून महाग जाते. लहानपणी मले वाटे आपल्या मातीतच काही खोट आहे.

आता रेघ कुठून आली ते सांगते, रागावू नको. हाडकीच्या काठून आली. साहेबानं विचारलं, "गावाच्या तोंडाशी इतकी मोकळी जागा कोणाची? पेरत काहून नाहीत?" आता त्याले काय सांगू? पण सांगितलं. म्हटलं, साहेब, आमची आहे. आमचा आजा गावचा कोतवाल, गावात ढोर मेलं का तो ओढून इथं आणे. त्याच्या बदल्यात मालगुजारानं हेच जागा त्याच्या नावावर करून देल्ली. छप्पन साली आम्ही बुद्ध झालो नं ढोरं ओढणं सोडलं. पण नांगर घातला का अजून हाडं निघतात, म्हणून कोणी पेरत नाही, नं नाव हाडकी ते हाडकीच. साहेबानं बुटानं जमीन ठोकून पाह्यली नं म्हणे, "पक्की आहे."

तुहे भाऊजी बरे आहेत. अजून कोतवालच आहेत. हे वाचलं का तू पत्र पेटीत टाकशील. टाक.

तुही बाई,
चंद्रकला


उमरखेडी
२८ जानेवारी १९८६

सुखदेव,

मोटर आली!

थांब, पहिलेपासून सांगते, नाहीतर सगळं एकदमच तोंडात येऊन राहिलं. दोन वर्षं सडक चालली. मुरूम पडला, गिट्टी पडली, रोलर फिरला. म्याबी गिट्टी फोडली, मंगलानंबी सुट्टीत फोडली. तुही भाची आता तुह्याहून उंच झाली, मॅट्रिक पास आहे. मग हुकूम आला का सव्वीस जानेवारीले सौंसरहून पहिली मोटर येणार. झालं! मोटर थांबन कुठं, याच्यावर गावात महिनाभर कोणाले झोप नाही.

भगवंतराव पाटलानं ठरवलं, चौकात, मारुतीच्या पारासमोर. मांडवबी तिथंच घातला. मास्तर म्हणे, पाटील, पण मोटर वळन कशी? पाटील म्हणे, "अशी." नं दोन बैलगाड्या जुंपून आणल्या, चौकात बाजूबाजूनं उभ्या केल्या, नं दोन्ही एकाच वेळी वळवून दाखवल्या. "दोन गाड्यांची मिळून एक मोटर. आता बोला!" साऱ्या गावानं मान हालवली. म्याबी हालवली, खोटं कशाले बोलू? आपल्या गावानं जन्मात वळताना पाह्यली ते बैलगाडीच. बैलाले टिचकारा मारला का तो जागच्या जागी फिरते. नाहीच फिरला तं बैल सोडा, धुरी उचला, चार माणसं गाडी फिरवून देतात. मोटरीले धुरी नसते हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

परवा अकरा वाजता मोटर आली. झेंडूच्या माळा, पुढं झेंडा. पोट्टे तं एक कोस पुढं पळत गेले होते आणाले. आपल्या वस्तीवरून ते गावात घुसली तवा आमच्या छपरावरची कवेलू थरथरली. मी दारात हात जोडून उभी, कोणाले जोडले माहीत नाही.

ते चौकात गेली नं अटकली. पुढं मारुतीचा पार, मागं पाटलाची भिंत. ड्रायव्हर चाक इकडं फिरवते, तिकडं फिरवते, घामानं ओलाचिंब. "अरे, ये कौन बोला था कि जगह है?" साऱ्यांनी पाटलाकडे पाह्यलं. पाटलानं मिशीवर हात ठेवला. तेवढ्यात एक म्हातारा म्हणे, मागून उचला! नं सुखदेव, खरंच चाळीस माणसं लागली मोटर उचलाले! तुहे भाऊजीबी लागले, कोतवाल म्हणून सर्वात पुढं. मोटर काय हालते? हासून हासून माही कंबर दुखली.

मग तो ड्रायव्हर मोटर उलटीच चालवत निघाला. मनोहर म्हणून कंडक्टर आहे, लोधीखेड्याचा, तो मागं उभा राहून पत्र्यावर थापा मारून राहिला, आने दो, आने दो. सारं गाव मोटरीच्या तोंडासमोर चालून राहिलं, नं मोटर मागं मागं. पाटलाची गल्ली गेली, वाण्याचं दुकान गेलं, शाळा गेली, आपली वस्ती आली. नं हाडकीवर येऊन ते एका फेऱ्यात वळली. गोल. कुठी अटकली नाही, चाक रुतलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला, पाय आपटून म्हणे, "ये है जगह. कल से गाडी यहीं तक आएगी."

मी बाभळीखाली उभी होती. मले रडू आलं, सांगते तुले. आज्यानं ज्या जागेवर ढोरं ओढली, त्या जागेवर माळा घातलेली मोटर वळली. गावानं आपल्याले गावाबाहेर ठेवलं, नं सडक तं बाहेरूनच येते! पहिले आपल्याच दारात येते. इतकी वर्षं त्या वाटेनं टोपली वाहिली, पण हे माह्या डोक्यात कधी आलं नाही.

वापसीच्या मोटरीत बसाले पाटील-पाटलीन चौकातून चालत आपल्या वस्तीत आले. मनोहर ओरडून राहिला, "सौंसर, सौंसर!" नं आज सकाळी मोटर आली तं तोच ओरडला, "चला, हाडकी! हाडकीवाले उतरा!" पाटलाचा जावई उतरला, बूट घालून.

चंद्रकला


उमरखेडी
३० मार्च १९८६

सुखदेव,

सडकेच्या साहेबाचं खरं झालं. माह्या डोक्यावर काही नाही. चुंबळ खुंटीले टांगली.

मृगबहाराच्या संत्र्यावर या वर्षी ट्रक आले, सरळ हाडकीवर. पहिले आठ दिवस आम्ही बाराजणी नुसत्या बसून पाहून राहिलो. डोक्यावर वजन नाही तं मले चालताच येईना, मान कशी ठेवावं समजेना. कमल रडली. म्हणे, बाई, सडक आली नं आपलं काम गेलं, आपणच गिट्टी फोडली. म्या तिले धमकावलं, पण मलेबी तेच वाटून राहिलं होतं.

मग ट्रकवाला म्हणे, माल निवडून कोण देईन? पेट्या कोण भरन? म्या म्हटलं, आम्ही. त्यानं दोन दिवस शिकवलं, तिसऱ्या दिवशी आम्हीच त्याले शिकवून राहिलो. मोठं फळ अलग, लहान अलग, खाली सुकं गवत, मग फळाचा थर, मग गवत, मग फळी ठोकायची. कमलच्या हातात हातोडी पाहशील तं तोंडात बोट घालशील. हाडकीवर दिवसभर ठोक ठोक चालते. आता फळ दबत नाही. संध्याकाळी झाडावर असलेलं संत्र सकाळी पांढुर्ण्याच्या टेशनावर जाते नं तिसऱ्या दिवशी दिल्लीत. व्यापारी पेटीवर गावाचं नाव लिवाले लावतात. माती तेच, झाडं तेच, आम्हीबी तेच. मोटर वळाले जागा भेटली, इतकंच नवीन आहे. मी कधी कधी काम सोडून त्या चाकोरीकडे पाहतच राहते.

अन एक. कमलनं परसात सांबार लावला. सांबार! मास्तर ज्याले कोथिंबीर म्हणते तो. पहाटे तोडते, सातच्या मोटरीत बसते, नऊ वाजता सौंसरच्या बाजारात. पहिले कोण लावे? सौंसरले पायी नेईपर्यंत सुकून जाय. आपल्या गावात तेच पिके जे सात किलोमीटर टिके. आता मेथी दिसते, टमाटे दिसतात. दुधाचे डब्बेबी जातात.

एक विचारू? दिल्लीच्या गाडीचा डब्बा तू जिथं रेल्वेत आहे त्या इटारसीवरूनच जात असंन ना? म्हणजे आपल्या गावचं फळ तुह्या डोळ्यासमोरून जाते. तुले माहीत तरी आहे का?

आता कामाची गोष्ट. पांढुर्ण्याचा एक व्यापारी आहे, गजानन शेठ. तो तुह्याकडे इटारसीले येईन. त्याले हाडकी इकत पाहिजे. बाबा गेल्यावर कागदावर आपल्या दोघांचं नाव लागलं, तुह्या सहीशिवाय ते जागा जात नाही. त्याले माहीत आहे का तुले त्या जागेची किळस येते. तो तेच बोलन. सही करू नको. पाया पडते, पण करू नको. मी तं त्याले दारातूनच वापस लावला.

बाई


उमरखेडी
१९ एप्रिल १९८६

सुखदेव,

मागच्या पत्रात मी खोटं बोलली. शेठले मी वापस लावला नाही.

माही सही झालेली आहे. मागच्या वैशाखात, मोटर यायच्या पहिले. तो आला, म्हणे, बाई, या पडीक जागेचं तुम्ही काय करता, हाडं वेचता का? इसार ठेवला, कागद ठेवला. म्या सही केली. तुह्या भाऊजीले विचारलंबी नाही. मंगलाले नागपूरले नर्सिंगले घालायचं होतं, त्याच्यासाठी केली. पाटलानं दोन गाड्या वळवून पाह्यल्या, आम्ही माना हालवल्या. शेठ ट्रकवाला माणूस आहे, त्याले मोटर कुठं वळन ते आठ-नऊ महिने पहिलेच दिसलं होतं.

मंगलासाठी केली, हेबी अर्धंच खरं आहे. आता लिवतेच आहे तं पूर्ण लिवते. शाळेत पोट्टे तिले 'हाडकीवाली' म्हणत. एक दिवस ते घरी येऊन म्हणे, माय, आपण दुसऱ्या कोणत्या गावाचे आहो असं सांगू का? तवा मले तू आठवला.

तू गेला तो दिवस मले रोज दिसते. बाबाले जाऊन पंधरा दिवस झाले होते. गावानं कोतवालकी तुले देल्ली, तू नाही म्हणाला, नं माह्या नवऱ्यानं घेतली. तू म्हणाला, बाबासाहेबानं जे काठी फेकाले लावली ते तुम्ही उचलली. म्हणाला, हाडकी इकून टाका, फुकट द्या, पण आपलं नाव त्याच्यावरून काढा. म्या म्हटलं, आयतखाऊ आहेस, जमीन काय सोडायची चीज आहे? मग तू बोलला का या मातीवर पुन्हा पाय ठेवीन तं बापाचं नाव लावणार नाही. आपलं घर हाडकीच्या पल्याड, तिच्यावरून आल्याशिवाय उंबरा लागत नाही. म्या दात खाऊन म्हटलं, "मग आभाळातून येशील का घरी?" तू पेटी डोक्यावर घेतली नं पाटलाच्या वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं काट्यातून गेला. हाडकीवरून नाही गेला. मी पाहत उभी होती, नं हाक मारली नाही.

तू खरा होता, सुखदेव. मलेबी ते जागा नकोच होती. तुह्यासमोर ताठ राहिली नं शेठसमोर मान खाली घालून त्याच जागेची सही करून आली.

आता ते तुह्या हातात आहे. तू सही केली तं शेठ तारेचं कुंपण घालन, नं पेट्या भराले पांढुर्ण्याहून आपले माणसं आणन, असं तोंडावर बोलून गेला. मोटरीले वळाले जागा ठेवन का नाही, त्याची मर्जी. नाही ठेवली तं मोटर मोठ्या सडकेवरच थांबन नं बाराजणी पुन्हा चुंबळ घेतील. तुले हे सांगाचा मले काही हक्क नाही. नऊ वर्षांपहिले तू जे करा म्हणत होता तेच मी चोरून केलं, नं आता तुले म्हणते का तू करू नको. तुले हासू येईन. हास, पण कागदावर सही करू नको.

चंद्रकला


उमरखेडी
२४ जून १९८६

सुखदेव,

बुद्धपौर्णिमेले मी सौंसरच्या विहारात गेली होती. संध्याकाळच्या मोटरनं येताना मनोहर कंडक्टरनं माह्या हातात पाकीट ठेवलं. म्हणे, बाई, दुपारच्या फेरीले एक जण आला होता, हे तुम्हाले द्याले सांगितलं.

म्या त्याले सौंसरपासून गावापर्यंत सोडलं नाही, एक एक गोष्ट खोदून खोदून विचारली. कसा होता? केस पिकले. हातात काय? रेल्वेवाल्यांची काळी पेटी. तिकीट कुठलं मागितलं? मनोहर म्हणे, त्यानं नुसती दहाची नोट समोर केली. मनोहरनं विचारलं, कुठं? तं पहिले हळू म्हणे, मग मोठ्यानं म्हणे, "हाडकी. एक हाडकी द्या." मोटर हाडकीवर आली तं सारे उतरले. तो उठला, दारापर्यंत आला, शेवटच्या पायरीवर उभा राहिला, दांडा धरून. खाली पाह्यलं. पाय काढला नं वापस घेतला. ड्रायव्हर म्हणे, उतरना है क्या? तो म्हणे, तुम्ही वळवा. नं मोटर वळली तवर तो तसाच पायरीवर उभा होता. बाभळी पाह्यल्या, ट्रक पाह्यले, आपलं घर पाह्यलं. पेट्या ठोकणाऱ्या बाया पाहून विचारलं, हे कोणाची टोळी? मनोहर म्हणे, चंद्रकलाबाईची. मग आत जाऊन बसला नं सौंसरचं तिकीट काढलं.

म्या पाकीट उभ्याउभ्याच फोडलं, मोटरीतच, दांडा धरून. शेठचा कागद. माही सही आहे, तुह्या सहीची जागा कोरी. मागच्या बाजूले पेन्सिलनं एक ओळ.

"बाई, डब्बा जाते तवा वास येते. पेटीवर गावाचं नाव वाचतो."

नऊ वर्षांत एक ओळ. पण असो, माह्या साऱ्या पत्रांचा हिसाब चुकता झाला.

पहिले मले राग आला, खोटं नाही बोलत. घर पन्नास पावलांवर, चुलीवर भात होता, मंगला घरी होती, नं तू उतरला नाही! दोन दिवस तुह्या नावानं भांडे आपटले. तुहे भाऊजी म्हणाले, अवं, त्यानं शब्द देल्ला होता, मातीवर पाय ठेवणार नाही. आला, पूर्ण हाडकी फिरला, नं शब्दबी मोडला नाही. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. मी आभाळातून ये म्हटलं होतं, तू मोटरीतून आला.

कोरा कागद पाहून शेठ चार दिवस रुसला. मग स्वतःच आला, म्हणे, बाई, किरायानं द्या, इसार हळूहळू किरायात वळता करू. म्या म्हटलं, मोटरीची जागा सोडून बाकीची घे, नं टोळी माहीच राहीन. मान हालवली त्यानं. किराया दोघांच्या नावानं आहे, तुहा तुले येईन.

आता आयक, हे नीट वाच. बसून वाच.

पहिल्या किरायाची म्या शहाबादी फरशी आणली. आपल्या जिल्ह्याचीबी नाही ते, कुठच्या कुठून रेल्वेनं पांढुर्ण्याले आली नं तिथून ट्रकनं हाडकीवर. मोटरीचं दार जिथं येते तिथपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत मिस्त्रीकडून बसवून घेतली. मधात कुठी सांधीतबी माती दिसत नाही, सिमेट भरलं. पाटील पाहाले आले, म्हणे, बाई, हे कोणासाठी? म्या म्हटलं, आहे एक पाहुणा, लय नखऱ्याचा.

ड्रायव्हरले सांगून ठेवलं आहे, दार बरोबर पहिल्या फरशीले लाव. काल त्यानं लावून दाखवलं. म्या स्वतः पायरीवरून उतरून घरापर्यंत चालून पाह्यलं, अनवाणी. मातीले कुठीच पाय लागला नाही.

दुपारची मोटर दीड वाजता येते.

तुही बाई